फोर्टमधल्या जुन्या इमारतीत दुकान-ऑफिस आहे? हेरिटेज परवानगीचा अर्ज करण्याआधी हे वाचा

फोर्ट, काळा घोडा, बॅलार्ड इस्टेट या भागात धंदा असलेल्या अनेकांना आपली इमारत हेरिटेज असल्याचं कळतं ते पालिकेची नोटीस हातात पडल्यावर. तोवर एसीचं युनिट दगडी नक्षीला भोक पाडून लटकलेलं असतं आणि कमानीवर फ्लेक्सचा बोर्ड चढलेला असतो. नियम मात्र जुनाच आहे. मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ साली आली आणि आज ती विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या विनियम ५२ मध्ये आहे. यादीतल्या इमारतीचं पाडकाम, वाढीव बांधकाम, दुरुस्ती, गिलावा आणि रंगकामसुद्धा महापालिका आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. ‘साहेब, फक्त रंगच काढतोय’ ही सबब इथे चालत नाही.

आधी ग्रेड, मग मूल्याचा रकाना

प्रॉपर्टी कार्डावरचा सी.एस. नंबर, म्हणजे भूखंडाचा सर्व्हे क्रमांक, घ्या आणि पालिकेकडून त्या भूखंडाचे डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातले शेरे, काढा. इमारत हेरिटेज यादीत आहे का, की हेरिटेज परिसरात येते, हे त्यात कळतं. यादीतल्या इमारतींना महत्त्वानुसार ग्रेड दिलेले असतात. ग्रेड एक म्हणजे राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू. तिथे अगदी गरजेपुरतं काम सोडून आत-बाहेर कशालाच हात लावता येत नाही. दोन-अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, बाहेरच्या रूपाची मात्र कसून छाननी होते. दोन-ब मध्ये त्याच आवारात जुन्याशी मेळ राखणारं वाढीव बांधकामही काही परिस्थितीत मिळू शकतं. ग्रेड तीन सगळ्यात सैल.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण यादीत प्रत्येक इमारतीपुढे वारसामूल्याची सांकेतिक अक्षरंही असतात, आणि तो रकाना कोणी वाचत नाही. वास्तुकला, इतिहास, कालखंड, सामाजिक-आर्थिक इतिहास, नामवंत व्यक्ती किंवा घटनेशी संबंध, इमारतींच्या समूहाचा भाग असणं, तांत्रिक प्रगतीचा नमुना असणं, अशी ती कारणं. माझ्या मते अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद या रकान्यावर बेतलेला हवा. मूल्य समूहाचं असेल तर रस्त्यावरून दिसणारी रेषा, उंची आणि कमानींची रांग बिघडणार नाही हे दाखवा. जिना किंवा फरशी ‘विशेष वैशिष्ट्य’ म्हणून नोंदलेली असेल, तर आतल्या पार्टिशनचंही उत्तर तयार ठेवा.

एस्प्लनेड मॅन्शनचंच बघा. १८६० च्या दशकात ते वॉटसन्स हॉटेल म्हणून बांधलं गेलं. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडात तयार करून जहाजाने मुंबईत आणला आणि इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा चलच्चित्रांचा खेळ इथेच झाला. पुढे खोल्याखोल्यांत ऑफिसं थाटली गेली, त्यात वकिलांची बरीच. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. या इमारतीचा जीव त्या बिडाच्या खांब-तुळयांत आहे. ते काँक्रीटमध्ये गाडून टाकणारी दुरुस्ती इमारत कदाचित उभी ठेवेल, पण ज्या कारणासाठी ती यादीत आहे तेच पुसून टाकेल.

अर्ज कोण करू शकतो

मालक, ट्रस्ट, सोसायटी किंवा भाडेपट्टाधारक. भाडेकरू, पागडीवालाही, अर्ज करू शकतो, पण मालकाची एनओसी लागते आणि खरा खोळंबा तिथेच होतो. जमीन कोणाची हेही तपासा. या भागातले पुष्कळ भूखंड भाडेपट्ट्याचे आहेत. बॅलार्ड इस्टेटची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे आताच्या मुंबई पोर्ट अथॉरिटीची. त्यांची वेगळी एनओसी. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत, असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा दरवाजाही ठोठवावा लागेल.

कागदपत्रं

प्रॉपर्टी कार्ड, डीपी रिमार्क, मालकीचा किंवा भाडेकरारीचा पुरावा आणि एनओसी हा नेहमीचा गठ्ठा. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्याने स्ट्रक्चरल ऑडिट हवंच. त्यासोबत सध्याच्या स्थितीचे मोजमापासह नकाशे, प्रस्तावित नकाशे, चारही बाजूंचे रंगीत फोटो आणि जुनी छायाचित्रं मिळाल्यास तीही. नकाशे परवानाधारक वास्तुविशारदाकडून करून घ्या. संवर्धनाचा अनुभव असलेला मिळाला तर उत्तम.

सगळ्यात जास्त वेळ कामाच्या पद्धतीच्या टिपणावर घालवा. ‘दर्शनी भागाची दुरुस्ती’ एवढं लिहून भागत नाही. मालाड दगडाच्या भिंतीतल्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या की भिंतीतलं पाणी दरजांतून बाहेर पडू शकत नाही; ते दगडातून वाट काढतं, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून दरजा चुन्यात भरणार, जुना ऑइलपेंट कसा काढणार, सागवानी खिडकीचा कुजलेला तेवढाच तुकडा बदलणार, हे खोलीवार लिहा. एसीचं युनिट मागच्या बाजूला किंवा डक्टमध्ये कुठे बसेल, तेही नकाशावर दाखवा.

पाटीचं काय?

२०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत, इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असणं बंधनकारक आहे. म्हणून हेरिटेज परवानगीतून सुटका होत नाही. अक्षरांचा आकार एक कायदा सांगतो, ती कुठे ठोकायची हे दुसरा. दादाभाई नवरोजी रस्त्यावर कमानीच्या आत, दर्शनी नक्षी न झाकता बसवलेल्या पाट्या आहेत. तसा नमुना जोडला की अर्ज समजायला सोपा जातो.

फाइल कुठे जाते

किरकोळ दुरुस्तीची सुरुवात ए वॉर्डाच्या इमारत व कारखाने विभागातून, वाढीव बांधकामाची इमारत प्रस्ताव विभागातून. तिथून फाइल हेरिटेज विभागाकडे आणि गरजेनुसार मुंबई हेरिटेज संवर्धन समितीपुढे. ग्रेड तीनची साधी कामं पालिकेच्या पातळीवरच निकाली निघू शकतात. पाडकाम किंवा मोठ्या बदलाआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

इमारत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरली तरी हेरिटेज नियम आपोआप गळून पडत नाहीत. दोन ऑडिटचे निष्कर्ष उलटसुलट असतील तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. भाडेकरूंनी आपलं स्वतंत्र ऑडिट वेळेत करून घ्यावं ते यासाठी.

आणि वाढीव मजला नाकारला गेला तर नकाराचं पत्र फाडून टाकू नका. हेरिटेज बंधनामुळे न वापरता आलेल्या चटईक्षेत्राच्या (बांधकामाच्या मंजूर क्षेत्राच्या) बदल्यात टीडीआर, म्हणजे ते दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा विकास हक्क, मागण्याची तरतूद नियमावलीत आहे. तो अर्ज मालकाने करायचा, आणि त्याला पहिला कागद हाच जोडायचा.