पावसाळ्यात काटा का सरकतो? लोड सेल आणि त्यामागच्या अॅम्प्लिफायरविषयी

जून लागला की डिचोली, फोंडा, वेर्णे भागातून एकच तक्रार येते: रिकामा काटा शून्यावर थांबत नाही, अॅम्प्लिफायर बदलून द्या. आम्ही तो बदलून देऊही, पण आधी हे वाचा. दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

५० किलोचा साधा लोड सेल घ्या. लोड सेल म्हणजे काट्यातला, वजनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग; तो बारीक सिग्नल वाढवतो तो अॅम्प्लिफायर. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल, पुरवठा ५ व्होल्ट. पूर्ण वजन चढवले तरी हाती येतात फक्त १० मिलिव्होल्ट, म्हणजे एका ग्रॅमला ०.२ मायक्रोव्होल्ट. त्यात सिग्नलच्या दोन्ही तारा मुळात अडीच व्होल्टवर असतात. इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायरचे काम हेच, की दोन्ही तारांवर जे सारखे आहे ते दाबायचे आणि फरक तेवढा वाढवायचा. त्याचा सीएमआरआर, म्हणजे सारखे ते दाबायची ताकद, १०० डेसिबल (एक लाख पट) असेल, तर त्या अडीच व्होल्टचे २५ मायक्रोव्होल्टच उरतात. वजनात ते १२५ ग्रॅम होतात, पण स्थिर असल्याने टेअर (काटा शून्यावर आणायचे बटण) दाबले की जातात.

गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, ठरवायला बाहेरून एकच रेझिस्टर लागतो. एडी ६२० या आयसीला १०० ओहम लावले की ४९५ पट. इथे काटकसर कृपा करून करू नका. हा रेझिस्टर १०० पीपीएमचा (दर अंशाला दहा लाखांत १०० भाग बदलणारा) असेल, तर तापमान २० अंशांनी बदलताच गेन ०.२ टक्क्याने हलतो आणि ५० किलोला १०० ग्रॅमची चूक पडते. आम्ही २५ पीपीएमच्या आतलाच वापरतो.

आता पावसाचे. जंक्शन बॉक्समध्ये (सेलच्या तारा जोडतात त्या पेटीत) ओल शिरली आणि पुरवठ्याच्या तारेपासून सिग्नलच्या तारेपर्यंत १० मेगओहमची गळती झाली, असे धरा. आकडा मोठा वाटतो, पण सेलमधल्या ३५० ओहमच्या ब्रिजमध्ये (चार रेझिस्टरांच्या जोडणीत) तेवढ्यानेच सुमारे ४४ मायक्रोव्होल्ट सरकतात, म्हणजे २२० ग्रॅम. ओल वाढते-घटते तसे ते हलत राहतात, म्हणून टेअर टिकत नाही. किनाऱ्याजवळ खारी हवा असते, तिथे हे लवकर होते. कितीही महागडा अॅम्प्लिफायर हे रोखू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने हा खराच सिग्नल असतो.

म्हणून आम्ही बोर्डवरचा सोल्डरिंगचा फ्लक्स पूर्ण धुऊन, वाळवून मगच कोटिंग करतो. बॉक्सचे ग्लँड (केबल आत घ्यायची तोंडे) खाली तोंड करून बसवतो. केबल मोटरच्या ड्राइव्हच्या केबलपासून दूर नेतो आणि तिची शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ करतो.

तुम्हाला घरीच तपासायचे असेल तर सेलच्या सगळ्या तारा इंडिकेटरपासून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्यापासून) आधी सोडवा. मग तारा आणि सेलचे धातूचे अंग यांच्यामध्ये मेगर (इन्सुलेशन मोजायचे यंत्र) लावा, तोही ५० व्होल्टांच्या आतला. चांगला सेल हजारो मेगओहम दाखवतो. आकडा फार खाली आला, तर इंडिकेटरबरोबर जंक्शन बॉक्सही घेऊन या, तो नुसता पुसून ठेवू नका.