मार्शल लॉ (सोलापूर, 1930)

सोलापूर शहरात 12 मे ते 30 जून 1930 या काळात असलेला लष्करी अंमल. असाधारण परिस्थितीत राज्यसत्तेला किती अधिकार असावेत, हा दहशतवादविरोधी कायद्यांच्या चर्चेतला प्रश्न महाराष्ट्रात प्रथम येथेच तीव्रतेने उभा राहिला, असे म्हणता येईल.

महात्मा गांधींच्या अटकेची (5 मे 1930) बातमी पसरताच गिरणी कामगारांनी काम बंद केले. 8 मे रोजी जमावावर गोळीबार झाला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकी व न्यायालयाची इमारत जाळण्यात आली. त्यानंतर शहराचा कारभार काँग्रेस स्वयंसेवकांनी पाहिला. हे दिवस तीन की चार, याविषयी एकमत नाही. 9 ते 11 मे ही गणना अधिक ग्राह्य वाटते.

‘मार्शल लॉ’ या संज्ञेबाबत घोटाळा होतो. सैनिकांना लागू असलेला लष्करी कायदा वेगळा. मार्शल लॉ हा मुळात लिखित कायदाच नव्हे. इंग्रजी न्यायपरंपरेत त्याचा आधार केवळ ‘निकड’ हा आहे. निकड संपली की अधिकारही संपतो आणि ती खरोखर होती काय, हे न्यायालय तपासू शकते. सोलापुरात आधी सैन्य आले, मग व्हाइसरॉयच्या वटहुकमाने त्याला कायद्याचे पांघरूण मिळाले. हा क्रम विसरता कामा नये. या अंमलाच्या वैधतेचा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयातही आला. अंमलाच्या काळात गांधी टोपी घालणे व राष्ट्रध्वज बाळगणे हेदेखील गुन्हे ठरले होते.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. शहरातील चार हुतात्मा चौक त्यांच्या स्मरणार्थ आहे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 34 मध्ये मार्शल लॉचा उल्लेख आहे, व्याख्या मात्र नाही. 44व्या घटनादुरुस्तीने (1978) आणीबाणीतही अनुच्छेद 20 (गुन्हा व शिक्षेबाबतचे संरक्षण) व 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) अबाधित ठेवले. ही दुरुस्ती नागरी हक्कांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा मानला जाई, सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये ही तरतूद वैध ठरवली. तो कायदा 1995 मध्ये संपला. त्याच प्रकारचा ‘पोटा’ 2004 मध्ये रद्द झाला. ‘यूएपीए’च्या (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) कलम 43ड(5) मुळे आरोप प्रथमदर्शनी खरा वाटल्यास आजही सहसा जामीन मिळत नाही.