पेरोव्स्काइट आणि मे महिन्यातली दुपार

विहिरीवर सौर पंप असलेल्या मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा, मे महिन्यात दुपारी दीडला प्लेटांना हात लावता येत नाही. हवा 42 अंशांवर असली की प्लेट 65 अंशांच्याही पुढे तापते. या प्लेटांतलं सिलिकॉन हे सोसतं. दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी देतं, पण टिकतं. सौर सेलसाठीचा नवा पदार्थ असलेल्या पेरोव्स्काइटचं दुखणं नेमकं इथेच आहे.

या नावाचं मूळ खनिज 1839 साली उरल पर्वतात सापडलं. सौर सेलमध्ये वापरतात तो पदार्थ वेगळा, स्फटिकाची ठेवण तेवढी तीच. 2009 मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने त्यापासून पहिला सेल केला. कार्यक्षमता 3.8 टक्के, आणि आतल्या द्रवात स्फटिकच विरघळत असल्याने आयुष्य काही मिनिटांचं. 2012 मध्ये द्रव जाऊन घन थर आला आणि आकडे धावत सुटले. आज एकट्या पेरोव्स्काइटने 26 टक्के ओलांडलेत, तर सिलिकॉनवर त्याचा थर चढवलेल्या सेलने 34.

टिकाऊपणा मात्र मागेच रेंगाळला. सुरुवातीच्या सेलमधलं पेरोव्स्काइट म्हणजे मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड; त्याच्या स्फटिकाची रचना 54 अंशांच्या आसपास बदलते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रोज दोनदा, तापताना एकदा आणि निवताना एकदा. 85 अंशांवर त्यातला सेंद्रिय भाग वायू होऊन निघून जातो आणि काळ्या थराच्या जागी पिवळं लेड आयोडाइड उरतं. म्हणून मिथाइलअमोनियमच्या जागी संशोधक फॉर्मामिडिनियम आणि सीझियमकडे वळले.

विजेच्या बाजूचं दुखणं 2014 च्या सुमारास ठळक झालं. व्होल्टेज चढवत मोजलं तर एक कार्यक्षमता, उतरवत मोजलं तर दुसरी! आयोडाइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, थरातून सरकतात, हे त्यामागचं मोठं कारण. बांधावरच्या लिंबाची सावली एखाद्या सेलवर पडली की बाकीचे सेल त्याच्यातून उलट्या दाबाने वीज ढकलतात. त्याने सिलिकॉनही तापतं, पण पेरोव्स्काइट थोड्याशा उलट्या व्होल्टेजलाही कायमचा बिघडू शकतो. मला ही सावलीची अडचण उष्णतेपेक्षा मोठी वाटते, कारण शेतात सावली रोज जागा बदलते.

सिलिकॉनसाठी ठरलेली परीक्षा 85 अंश, 85 टक्के आर्द्रता आणि 1000 तासांची, तीही अंधारात. ऊन आणि ताप एकत्र, दिवस-रात्रीच्या फेऱ्यांसह, अशा चाचण्यांवर जगभरच्या संशोधकांचं एकमत 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. 1000 तास म्हणजे सलग 42 दिवसही नाहीत. विहिरीवरच्या प्लेटांना कंपन्या 25 वर्षांची हमी देतात.