मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे: मुंबईच्या लोकलची दोन घराणी

मुंबई सेंट्रल हे स्थानक पश्चिम रेल्वेवर आहे, तर ठाणे पश्चिम, मुलुंड पश्चिम आणि डोंबिवली पश्चिम ही ठिकाणे मध्य रेल्वेवर आहेत. मुंबईत नव्याने आलेला माणूस या नावांमुळे गोंधळतो आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. पत्त्यातला ‘पश्चिम’ हा शब्द ते ठिकाण रुळांच्या कोणत्या बाजूला आहे एवढेच सांगतो. रेल्वेच्या नावातले ‘मध्य’ आणि ‘पश्चिम’ मात्र देशाचे भाग सांगतात. ही दोन्ही नावे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी रेल्वेची विभागीय पुनर्रचना झाली तेव्हा पडली, आणि मुंबई सेंट्रल तर त्याच्याही आधी, १९३० सालीच, उभे राहिले होते.

त्यापूर्वी या दोन स्वतंत्र कंपन्या होत्या, आणि माझ्या मते दोघींतला खरा फरक त्यांच्या जन्मातच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला म्हणजे जीआयपी रेल्वे, आजची मध्य रेल्वे, मुंबईतून बाहेर निघाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी तिचीच. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बीबीसीआय रेल्वे, आजची पश्चिम रेल्वे, याउलट गुजरातेतून मुंबईकडे आली: तिचा पहिला टप्पा १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण असा सुरू झाला आणि ग्रँट रोडपर्यंत पोहोचायला १८६४ साल उजाडले. पुढे १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी तिची लोकल धावू लागली.

दोन्ही कंपन्यांना कापूस बंदरापर्यंत आणायचा होता, पण एकीचा कापूस सह्याद्रीपलीकडचा होता आणि दुसरीचा गुजरातचा. आजच्या नकाशातही हे स्पष्ट दिसते. बीबीसीआयला घाट चढायचा नव्हता, म्हणून पश्चिम रेल्वे चर्चगेटहून खाड्या ओलांडत किनाऱ्याच्या बाजूने एकाच दिशेने डहाणू रोडपर्यंत जाते. जीआयपीला मात्र पुण्याकडे भोर घाट आणि नाशिककडे थळ घाट असे दोन घाट चढावे लागले, आणि त्यामुळे तिचा मार्ग कल्याणला फुटतो: एक फाटा कर्जतकडे, दुसरा कसाऱ्याकडे. म्हणूनच कल्याणच्या पुढे राहणाऱ्याला मध्य रेल्वेवर गाडी नीट पाहूनच चढावे लागते. पश्चिम रेल्वेवर तसे नाही. तिथे विरार गाडीत चुकून बसलेला बोरिवलीचा प्रवासी फार तर गर्दीमुळे उतरू न शकल्याने पुढे जातो. वाट तीच राहते. इंडिकेटरवरचे ‘ए’ हे अक्षरसुद्धा पश्चिम रेल्वेवर अंधेरी सांगते आणि मध्य रेल्वेवर अंबरनाथ.

विजेच्या बाबतीत आघाडी आलटून पालटून राहिली. पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी जीआयपीच्या हार्बर मार्गावर, व्हीटी (आजचे सीएसएमटी) ते कुर्ला अशी धावली, आणि बीबीसीआयने कुलाबा ते बोरिवली मार्गावर वीज आणली ती १९२८ साली. पुढे १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहाऐवजी २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह आणण्याचे काम मात्र पश्चिम रेल्वेने २०१२ साली, मध्य रेल्वेच्या आधी, पुरे केले.

दोन्ही रेल्वे समोरासमोर भेटतात त्या दादरला. तिकीट एकच चालते, पूल एकच आहे, पण वर्षानुवर्षे तिथे एक क्रमांकाचे फलाट दोन होते: एक पश्चिम रेल्वेचे, एक मध्य रेल्वेचे. ‘एक नंबरवर ये’ असे सांगितलेली दोन माणसे पुलाच्या दोन टोकांना एकमेकांची वाट पाहत उभी राहत. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ पासून पुढचे क्रमांक दिले गेले.