मनिऑर्डर ते बँक मित्र: गावात पैसे पोचवणाऱ्या माणसाची पार्श्वभूमी

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक टेबल, त्यावर लॅपटॉप आणि बोटाचा ठसा घेणारं छोटं यंत्र. समोरची आजी अंगठा पदराला पुसते, यंत्रावर टेकवते. ठसा लागत नाही. पुन्हा पुसते, पुन्हा टेकवते. "आजी, मधलं बोट लावा बरं," बँक मित्र, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणारा माणूस, सांगतो. तिसऱ्या खेपेला ठसा लागतो आणि तो गल्ल्यातून निराधार पेन्शनच्या नोटा मोजून तिच्या हातावर ठेवतो.

डिजिटल बँकिंगचं बोलणं निघालं की मोबाइलवरच्या अ‍ॅपपासून सुरुवात होते. मला वाटतं, ती या टेबलापासून व्हायला हवी. खात्यातला आकडा आणि हातातली नोट यांच्या मधोमध कुणीतरी माणूस बसावाच लागतो, आणि त्या माणसाला आपल्याकडे जुना इतिहास आहे.

१८८० साली मनिऑर्डरचं काम टपाल खात्याकडे आलं. पुढे मुंबईच्या गिरण्यांमधला चाकरमानी पगार झाला की पोस्टाच्या रांगेत उभा राहू लागला आणि कोकणातल्या कितीतरी चुली त्याच्या मनिऑर्डरवर पेटू लागल्या. फॉर्मवर दोन-चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. पोस्टमन त्या वाचून दाखवी, पैसे मोजून देई, आईचा शाईचा अंगठा घेई आणि पोच मुंबईला परत जाई. ती पोच हातात पडेपर्यंत मुलाचा जीव टांगणीला. शेवटच्या काळात या सेवेला शंभरामागे पाच रुपये पडत. गरिबाला ते परवडत होतं असं नाही, पण दारात येणारा भरवशाचा माणूस दुसरा नव्हता. १९८२च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि हा ओघ आटला.

मनिऑर्डरने पैसे पोचत, साठत नसत. साठवण्याची सोय १९२८ साली उडुपीत निघाली. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने पिग्मी ठेव सुरू केली: एजंट रोज दारात यायचा आणि दोन आणेसुद्धा जमा करून घ्यायचा. आजही आपल्या बाजारपेठांत संध्याकाळी पतसंस्थेचा पिग्मीवाला दुकानोदुकानी फिरतो. रोजच्या कमाईतून रोजच थोडं बाजूला काढायचं, हे कष्टकऱ्याचं गणित त्या योजनेला नेमकं कळलं होतं.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा देशाच्या ग्रामीण भागात जेमतेम १,८०० शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या ३५,००० च्या आसपास गेल्या. शाखा आली तरी मजुराचा दिवस मोडायचा तो मोडायचाच. तालुक्याला जायचं एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी, आणि खिडकीवर भरायची ती स्लिप.

खरं वळण जानेवारी २००६ मध्ये आलं. बँकेच्या वतीने बाहेरच्या संस्थेला व्यवहार करू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. ब्राझीलमध्ये लॉटरीच्या दुकानांतून असंच काम आधीपासून चालत होतं. आपल्याकडे सुरुवातीला स्वयंसेवी संस्था, सहकारी संस्था, पोस्ट अशांनाच परवानगी होती. किराणा दुकानदार २००९ मध्ये आले, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या २०१० मध्ये. याच सुमारास, मार्च २००७ मध्ये, केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याचं एम-पेसा सुरू झालं, तेही कोपऱ्यावरच्या दुकानदारांच्या बळावर. त्यातला स्वाहिली 'पेसा' म्हणजे समुद्रापार गेलेला आपलाच पैसा.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पुढे आधार बँक खात्याला जोडलं गेलं आणि शाईची जागा यंत्राने घेतली. याचा मोठा फायदा असा की खातं कुठल्याही बँकेचं असो, पैसे कुठल्याही बँक मित्राकडे निघतात. बीडहून कोल्हापूरला गेलेल्या ऊसतोड मजुराला गावाकडच्या खात्यातले पैसे फडाजवळच मिळू शकतात. पण कोयत्याने त्याच्याच बोटांच्या रेषा झिजवलेल्या असतात, आणि यंत्राला त्या रेषाच हव्या असतात.

२८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना आली. २०२३च्या ऑगस्टमध्ये खाती ५० कोटींच्या पुढे गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त महिलांची. या खात्यांची कसोटी लागली ती २०२०च्या टाळेबंदीत. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये आले. गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार दिवस ठरवले होते. त्या दिवसांत तोंडाला रुमाल बांधून, शेकडो बोटं लागलेलं यंत्र पुसत बँक मित्र बसून होते.

त्यांना मिळतं काय? आधारवर पैसे काढले की खातेदाराची बँक १०० रुपयांमागे ५० पैसे देते, जास्तीत जास्त १५ रुपये. ते बँक मित्राच्या बँकेत आणि त्याला नेमणाऱ्या कंपनीत वाटले जाऊन उरलेलं त्याच्या पदरात. गल्ल्यातली रोख त्याची स्वतःची. ती संपली की तालुक्याची फेरी, तीही पदरखर्चाने. मला हे अन्यायाचं वाटतं. काही जण गिऱ्हाइकाकडून वरचे दहा-वीस मागतात, काही जण पावती देत नाहीत, आणि अडाणी माणूस किती वेळा अंगठा लावला हे सांगू शकत नाही. फसवणुकीला माफी नकोच. पण कमिशन इतकं तुटपुंजं ठेवून प्रामाणिक माणूस त्या टेबलावर किती वर्षं टिकेल, याचा विचार बँकांनी करायला हवा.

१ सप्टेंबर २०१८ पासून पोस्टाची पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली. आता पोस्टमन स्मार्टफोन आणि ठशाचं यंत्र घेऊन घरी येतो. उंबऱ्यात बसलेली आजी अंगठा पदराला पुसते आणि विचारते, "कितीला लावला रे? पावती दे."