बॉम्बर कमांडवाल्यांना मान मिळायला सदुसष्ट वर्षं का लागली

‘इतक्या थोड्या लोकांचं इतक्या जणांवर इतकं ऋण’ या अर्थाचं चर्चिलचं वाक्य बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. २० ऑगस्ट १९४० ला पार्लमेंटमध्ये बोललेलं. ते फायटर पायलट्ससाठी होतं असंच सगळे धरून चालतात, पण त्याच भाषणात लगेच पुढे चर्चिल म्हणतो की रोज रात्री जर्मनीत आत घुसून बॉम्ब टाकणाऱ्या आपल्या बॉम्बर स्क्वॉड्रन्सना विसरून चालणार नाही. हा पुढचा भाग कुणी लक्षात ठेवला नाही, आणि पाच वर्षांनी खुद्द चर्चिलनेही नाही.

आधी हे लोक कोण होते ते बघू. बॉम्बर कमांड म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा बॉम्बफेकीचा विभाग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साधारण १,२५,००० जण यांच्या विमानांतून उडाले, सगळे स्वतःहून आलेले, ब्रिटनचे तर होतेच पण कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, वेस्ट इंडीज आणि थोडे आपल्याकडचेही. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर नावाचा नॅव्हिगेटर म्हणजे विमानाची वाट ठरवणारा, लँकेस्टर या मोठ्या बॉम्बफेकी विमानावर होता, त्याला डीएफसी हे शौर्यपदक मिळालं, आणि आपल्याकडे हे नाव किती जणांना माहीत असेल देव जाणे. या सव्वा लाखातले ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. सरासरी वय बाविसच्या आसपास, आपल्याकडे या वयात पोरं ग्रॅज्युएशन करून नोकरी शोधत असतात. यातले आठ हजारांच्या वर तर ट्रेनिंगमध्ये किंवा अपघातातच गेले, शत्रूच्या गोळीचा संबंधच नाही.

लँकेस्टरमध्ये सात माणसं असायची, पायलट, फ्लाइट इंजिनियर, नॅव्हिगेटर, बॉम्बचा नेम धरणारा बॉम्ब एमर, वायरलेसवाला आणि दोन गनर. तीस मोहिमा झाल्या की एक ‘टूर’ पूर्ण, मग थोडी सुटका. मागच्या टोकाला बसणारा गनर तासन्‌तास एकटा, कडाक्याच्या थंडीत. आणि एखाद्याची हिंमत संपली आणि तो म्हणाला की आता मी उडणार नाही, तर त्याच्या फाइलवर ‘एलएमएफ’ म्हणजे नैतिक धैर्याचा अभाव असा शेरा मारून सगळ्यांदेखत बेइज्जत करायचे, हे मला तरी आकड्यांपेक्षा जास्त टोचतं. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमानं गेली त्यातली ९५ परत आलीच नाहीत, ५४५ माणसं एका रात्रीत गेली, आणि १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात झालेल्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’च्या सबंध लढाईत मेलेल्या फायटर विमानांतल्या लोकांचा आकडाही जवळपास तेवढाच आहे.

मग एवढं असून यांचं नाव घ्यायला सगळे का कचरत होते? कारण त्यांनी काय केलं त्यात आहे. सुरुवातीला ठरलं होतं की कारखाने, रेल्वे यार्ड अशी नेमकी ठिकाणं फोडायची. १९४१ मध्ये फोटो तपासून एक रिपोर्ट तयार झाला, त्यात निघालं की टार्गेटवर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं टार्गेटच्या पाच मैलांच्या आत पोचत होती, म्हणजे अंधारात नेमकेपणा वगैरे सगळं कागदावरच. मग फेब्रुवारी १९४२ मध्ये वरून आदेश निघाला की आता शहरं, आणि विशेष करून कामगारांचं मनोधैर्य, हेच लक्ष्य. आर्थर हॅरिस बॉम्बर कमांडचा प्रमुख झाला तो या आदेशानंतर आठवड्याभराने. त्याने हे धोरण जीव तोडून आणि जराही न लाजता राबवलं हे खरं, पण ते त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं, कॅबिनेटच्या संमतीने चाललं होतं, आणि पुढे सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फुटलं.

जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गला आगीचं वादळ उठलं, तीस हजारांहून जास्त लोक मेले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन, तिथे नंतरच्या इतिहासकारांच्या समितीच्या मते पंचवीस हजारांपर्यंत. युद्ध जवळजवळ संपत आलेलं, त्यामुळे प्रश्न विचारले जायला लागले. २८ मार्च १९४५ ला चर्चिलने एक टिपण लिहिलं, निव्वळ दहशत वाढवण्यासाठी शहरांवर बॉम्बफेक करायचा आता फेरविचार व्हावा अशा अर्थाचं, जणू हा निर्णय दुसऱ्याच कुणाचा होता. हवाई दलाने आक्षेप घेतल्यावर ते मागे घेऊन सौम्य करून परत लिहिलं. आणि १३ मे च्या विजयाच्या भाषणात बॉम्बर कमांडचं नाव घेऊन कौतुक नाहीच.

पदकांचंही तेच. फायटरवाल्यांना ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ लिहिलेली पट्टी पदकाच्या रिबनवर लावायला मिळाली, बॉम्बर कमांडला स्वतःचं वेगळं पदक नाही. हॅरिसने भांडून बघितलं, उपयोग झाला नाही. धोरणाची लाज वाटली तर ती धोरण ठरवणाऱ्यांना वाटायला हवी होती, त्याची वसुली गनरच्या छातीवरच्या पदकातून कशाला, असं माझं मत.

१९९२ मध्ये लंडनला हॅरिसचा पुतळा उभा राहिला तर उद्घाटनाला आलेल्या राणीच्या आईसमोर घोषणाबाजी, आणि नंतर पुतळ्यावर रंग. साध्या क्रूसाठी मोठं स्मारक व्हायला २०१२ उजाडलं. २८ जूनला ग्रीन पार्कात राणीने त्याचं अनावरण केलं, पैसा मुख्यतः देणग्यांतून, आणि ‘बी जीझ’ या पॉप बँडचा गायक रॉबिन गिब यासाठी खूप धावला होता, पण तो महिनाभर आधीच गेला. मोहिमेवरून परत आलेल्या सात जणांचे ब्राँझचे पुतळे आहेत, आणि छताला बेल्जियममध्ये पडलेल्या एका हॅलिफॅक्स विमानाचं अॅल्युमिनियम वापरलंय. ड्रेस्डेनमधून विरोध झाला होता, शेवटी बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांची आठवण ठेवणारी ओळही तिथे कोरली गेली. तरी २०१९ मध्ये कुणीतरी त्या पुतळ्यांवर पांढरा रंग फेकलाच.

पदकाचं उत्तर स्मारक झालं त्याच वर्षी, २०१२ च्या डिसेंबरमध्ये आलं. वेगळं पदक नाहीच, ‘बॉम्बर कमांड’ लिहिलेली पट्टी. युद्धात उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातून रशियाला सामान नेणाऱ्या आर्क्टिक ताफ्यांवरच्या खलाशांना त्याच वेळी अख्खं स्वतंत्र पदक जाहीर झालं, त्यामुळे नव्वदीतल्या म्हाताऱ्यांना ही पट्टी तोंडाला पानं पुसल्यासारखी वाटली तर त्यात नवल नाही.

२०१८ मध्ये लिंकनला इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर सुरू झालं, कारण त्या परिसरात यांचे तळ सगळ्यात जास्त होते. तिथला मनोरा लँकेस्टरच्या पंखांच्या लांबीएवढा, म्हणजे १०२ फूट उंच, आणि आजूबाजूच्या भिंतींवर जवळपास ५८,००० नावं (यात जमिनीवर काम करताना गेलेलेही आले), अधिकाऱ्यांचा हुद्दा न लिहिता. त्यांच्या संग्रहात आधी फक्त क्रूच्या मुलाखती असतील असं वाटलं होतं, पण खाली तळघरात बसून बॉम्ब झेललेल्या जर्मन आणि इटालियन लोकांच्या आठवणीही त्यात रेकॉर्ड करून ठेवल्यात.