विद्यार्थी नोंदींची गोपनीयता : सोलापूर

शाळा-महाविद्यालयांत मुलांविषयी जी माहिती साठते ती कोणी पाहावी, कोणाला द्यावी आणि किती काळ ठेवावी, यासंबंधीचे कायदे व प्रथा. अमेरिकेत यासाठी १९७४ पासून स्वतंत्र संघीय कायदा आहे. भारतात तसा एकच कायदा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा मुख्य आधार. बाकीचे संरक्षण बाल न्याय कायदा, पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), माहिती अधिकार आणि न्यायालयांचे निकाल यांतून तुकड्यातुकड्याने मिळते. विडी, यंत्रमाग आणि चार भाषांच्या शाळा असलेल्या सोलापुरात हे तुकडे एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून त्यांचा स्थानिक अंगाने विचार करावा लागतो.

शाळेतली मूळ नोंद म्हणजे जनरल रजिस्टर. मुलाचे व आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात, मातृभाषा, आधीची शाळा हे सारे त्यात असते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. जात पडताळणीत या रजिस्टरचा जुना उतारा हा मोठा पुरावा मानला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा कागद शोधत घरातली माणसे आजोबांच्या शाळेत जातात. त्यामुळे नोंद पुसावी असे इथे सहसा कोणी म्हणत नाही. ती सापडावी, एवढीच धडपड असते.

जातीच्या त्याच रकान्याची दुसरी बाजू सोलापूरला चांगली ठाऊक आहे. इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना शहरात तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. तो भाग आजही सेटलमेंट म्हणून ओळखला जातो. जमातींना गुन्हेगार ठरवणारा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी दाखल्यावरची जात आणि पत्ता वाचून माणसाविषयी मत बनवणारे संपले नाहीत. सवलत मिळवून देणारी नोंदच कलंकही चिकटवू शकते. २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात जात व जमात ही ‘संवेदनशील’ माहिती धरली होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. ही त्या कायद्यातली सर्वांत खटकणारी उणीव म्हणावी लागेल.

या कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक असून त्याची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. मुलांवर पाळत ठेवणे, त्यांच्या वागण्याचा माग काढणे आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे. उल्लंघनासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळांना शैक्षणिक काम व मुलांची सुरक्षितता यांपुरती, तर स्कूलबसला प्रवासात ठिकाण कळण्यापुरती सूट आहे. मुलांच्या हिताचे शासकीय लाभ व दाखले देतानाही गरजेपुरती सूट मिळते. कागदावरचे रजिस्टर या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, मात्र ते स्कॅन झाले की कक्षेत येते.

संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक विडी कामगार आईला मराठी फॉर्मवर अंगठा करायला लावणे या तरतुदीत बसत नाही. तरीही पेच सुटत नाही. अशा घरात बहुधा शिकलेली मुलगीच सर्वांचे फॉर्म भरते; कायदा मात्र तिच्याविषयीची संमती आईकडून मागतो. युरोपात ऑनलाइन सेवांसाठी ही वयोमर्यादा १६ असून सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. भारताने १८ धरल्याने बारावीतली बहुतेक मुलेही पालकांच्या संमतीवर अवलंबून राहतात.

प्रत्यक्षात माहिती फुटते ती अगदी साध्या वाटांनी. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज नेट कॅफेत भरला जातो, ओटीपी दुकानदाराला सांगितला जातो आणि आधारची झेरॉक्स काउंटरवरच राहते. दहावी-बारावीचा ऑनलाइन निकाल बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकून दिसतो. ज्या गल्लीत सगळ्यांना सगळ्यांच्या आया माहीत, तिथे हे कुलूप नावापुरतेच. निकालानंतर क्लासवाले गुणवंतांचे फोटो टक्केवारीसह चौकाचौकांत फ्लेक्सवर लावतात. पालकांना त्यात अभिमान वाटतो, हे खरे. पण प्रवेश अर्जातल्या एका ओळीवरची सही म्हणजे या जाहिरातीला दिलेली संमती, हा युक्तिवाद नव्या कायद्यापुढे टिकणे अवघड आहे, कारण त्याला नेमक्या कारणासाठी दिलेली स्पष्ट संमती लागते.

आधारविषयी सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला. त्यानुसार शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येत नाही. सर्व विद्यार्थ्यांसाठी आलेला १२ अंकी ‘अपार’ हा शैक्षणिक ओळख क्रमांकही पालकांच्या संमतीवर आधारलेला आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख पटेल असा तपशील, शाळेच्या नावासह, प्रसिद्ध करण्यास पॉक्सोच्या कलम २३ ने मनाई आहे. स्थानिक बातमीदारांनी हे कलम जवळ ठेवलेले बरे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क २०११ मध्येच मान्य झाला आहे.

२०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम तेव्हाच बदलले. संमती व मुलांविषयीच्या तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत आहे. त्यानंतरही तक्रार आधी संबंधित शाळेकडे किंवा क्लासकडे करावी लागेल आणि तिथे दाद लागली नाही तरच या कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येईल.